पाचांपैकी तीन

वेन्डेल पेल्कीबद्दल आमच्या गावात कुणालाही विचारा, "सरळ माणूस" एवढंच ऐकायला मिळेल. मीही तेच म्हणायचे. मग एका फेब्रुवारीत याच सरळ माणसाला मी माझ्या हॉटेलात कॉफी द्यायची बंद केली. का बंद केली, ते सांगायचं तर पहिल्यापासून सांगावं लागेल.

मी रीटा सीर. बर्चफील्डच्या चौकात, पोस्टासमोर माझं हॉटेल आहे. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या अगदी वरच्या टोकाला आमचं गाव, नदी ओलांडली की कॅनडा. इथे बटाटा पिकतो आणि बर्फ पडतो, तिसरं काही होत नाही, असं माझा नवरा ल्युसिएन म्हणायचा. त्याला जाऊन वीस वर्षं झाली, पण त्याचं म्हणणं अजून खोटं ठरलेलं नाही.

वेन्डेल हा बेण्याच्या बटाट्याचा सरकारी तपासनीस होता. चौतीस वर्षं. शेतात उतरायचं, सरीतली शंभर रोपं मोजायची, त्यात रोगट किती ते वहीत लिहायचं, आणि आकडा जास्त भरला तर शेतकऱ्याला तोंडावर सांगायचं की हे बेणं म्हणून चालणार नाही, वेफर्सवाल्यांना देऊन टाक. सख्ख्या भावाचं शेत नापास केलंय त्याने. भाऊ दोन नाताळ बोलला नाही. मी वेन्डेलला म्हटलं, अरे, थोडी डोळेझाक केली असतीस तर? तो म्हणाला, "मी डोळे झाकले म्हणून रोग जातो का?" यावर बोलणार काय, कपाळ?

त्याचा दुसरा उद्योग हिवाळ्यातला. खाली मॅसॅच्युसेट्समध्ये थॉर्नबरी नावाचं एक जुनं, नामांकित कॉलेज आहे. आमच्या भागातून तिथे शिकून आलेला माणूस एकच, वेन्डेल. अशा कॉलेजांची एक रीत असते. ज्या मुलाने अर्ज केलाय त्याला त्या भागातला कुणी जुना विद्यार्थी भेटतो, तासभर बोलतो, आणि पोर कसं वाटलं ते कॉलेजला लिहून कळवतो. काम फुकटचं. दहा वर्षं केल्यावर कॉलेजने त्याला कॉफीचा एक मग पाठवला होता, तो त्याने कधी वापरला नाही, कपाटात ठेवलाय.

त्याची स्वतःची अशी भेट झाली होती ती गोठ्यात. सतरा वर्षांचा होता. कुणी एक वकील बर्फातून गाडी हाकत आला, तेव्हा हा धार काढत होता. वकिलाने बादली पालथी घातली, कोटासकट तिच्यावर बसला आणि म्हणाला, तुझं चालू दे, मी विचारत जातो. "तोपर्यंत मला काय वाटतं हे मला कुणी विचारलंच नव्हतं, रीटा," हे वाक्य मी शंभरदा तरी ऐकलं असेल. शिकून तो परत आला, बटाट्यात शिरला, लग्न केलं, बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. पण त्या वकिलाचं देणं काही त्याच्या मनातून उतरलं नाही.

म्हणून जानेवारीतल्या शनिवारी दुपारी दोनला तो माझ्या खिडकीजवळच्या टेबलाशी यायचा. पावणेदोनलाच. गळ्यात एकुलता एक हिरवा टाय. स्वतः भिंतीकडे तोंड करून बसायचा, म्हणजे पोराला बाहेरचं दिसावं. मुलं यायची ती बापाचा कोट घालून, बूट पायपुसण्यावर चारचारदा घासून. कुणाचा आवाज फाटायचा, कुणी शाळेत पाठ करून घेतलेली उत्तरं धडाधडा म्हणून टाकायची. वेन्डेल शांतपणे ऐकायचा, पोरासाठी 'पाय' मागवायचा, म्हणजे आमच्याकडची फळं भरून भाजलेली गोड पोळी, आणि पाय अर्धा झाला की त्याचा तो ठरलेला प्रश्न यायचा. "गेल्या वर्षात तुझं काय चुकलं? आणि ते निस्तरलं कुणी?"

पाठ केलेलं तिथे संपायचं. मग पोर खरं बोलायला लागायचं. मी सगळं ऐकायचे. कॉफी द्यायला जाताना कान काही मी काउंटरवर काढून ठेवत नाही. तासाभराने मुलं बाहेर पडायची तेव्हा त्यांची मान आल्यापेक्षा वर असायची, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

आणि मार्च संपता संपता थॉर्नबरीचं उत्तर यायचं. नाही. दर वर्षी नाहीच. सव्वीस वर्षांत एकेचाळीस मुलं, आणि त्यातलं एकही त्या कॉलेजने घेतलं नाही. वेन्डेल काउंटरशी यायचा, टोपी काढायचा, म्हणायचा, "यंदाही नाही." त्याच्या जिवाला खरंच लागायचं. आमच्याकडच्या मुलांकडे जरा लक्ष द्या, अशी पत्रंसुद्धा त्याने कॉलेजला लिहिली. फार गोड उत्तरं यायची. मी त्या कॉलेजला मनसोक्त शिव्या द्यायचे, कारण त्या एकेचाळिसांत माझा बर्टीही होता.

बर्टी तेव्हा अठराचा. आपल्याच आईच्या हॉटेलात मुलाखत, म्हणून मला आधीच दम भरला होता त्याने. "आई, तू स्वयंपाकघरातून बाहेर यायचं नाहीस. एकदासुद्धा नाही." तेवढी एक मुलाखत मी ऐकली नाही. मार्चमध्ये त्यालाही नकार आला. बर्टीने पत्र घडी करून खिशात घातलं आणि बाहेर जाऊन बर्फ उपसायला लागला. पुढे तो वीज कंपनीत लागला. वादळात तारा तुटल्या की खांबावर चढणारा तो बर्टी. चांगलं चाललंय त्याचं, दोन मुली आहेत. पण थॉर्नबरीचं नाव घरात निघालं की उठून जातो, आजही.

तर ओडेट मिशोचं सांगते. ही त्या जानेवारीतली. तिचा बाप ट्रक चालवतो, आई वृद्धाश्रमात नर्स. पोरगी सतरा वर्षांची, हाडकुळी, बोलायला फटकळ. तिला माती शिकायची होती. शेती नव्हे, माती. जमिनीखाली काय चालतं ते. तसं शिकवणारे मोठे लोक थॉर्नबरीत आहेत, आणि तिथे मिळालं तर शिक्षणाचा सगळा भार कॉलेजच उचलणार होतं. नाही मिळालं तर काय, ते तिच्या बापाने मला आधीच सांगितलं होतं. बटाट्याच्या चिप्सच्या कारखान्यात तिच्यासाठी जागा बघून ठेवली होती त्याने.

वेन्डेलचा प्रश्न आला. ओडेटने काटा खाली ठेवला.

"शाळेच्या काढणीच्या सुट्टीत मी काकाच्या बटाटे काढायच्या यंत्रावर होते," ती म्हणाली. "पट्ट्यावरून बटाटे येतात, त्यातले दगड आणि थंडीने काचेसारखे झालेले बटाटे वेचून टाकायचे. एका सकाळी हात इतके गारठले की मी ते खिशात घातले. एक अख्खी सरी. काहीच वेचलं नाही."

"मग?"

"ते बटाटे कोठारात गेले. तीन आठवड्यांनी अर्धं कोठार सडून त्याचं पाणी झालं. काकाला वाटलं, माझ्याशेजारी उभ्या असलेल्या गिल्मनने केलं. त्याला सांगितलं, पुढच्या वर्षी येऊ नकोस. मी चार दिवस गप्प बसले."

"चार का? तीन का नाहीत?"

ओडेटने जरा विचार केला. "चौथ्या दिवशी गिल्मन मला शाळेत भेटला आणि म्हणाला, बहुतेक माझंच लक्ष नव्हतं. ते मला ऐकवेना. मी काकाला सांगितलं. मग गिल्मनच्या घरी जाऊन त्याच्या आईबापासमोर सांगितलं. आता पुढच्या वर्षी त्याला बोलावलंय. मला नाही."

वेन्डेलने चष्मा काढून पुसला. ती गेल्यावर तो काउंटरशी आला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. "रीटा," तो म्हणाला, "आज मी चार देणार आहे."

"कशाचे चार?"

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की त्या अहवालात गुणही असतात. एक ते पाच. सव्वीस वर्षांत त्याने चार कधी कुणाला दिले नव्हते. मला आनंद झाला, मी त्याला दोन गरम प्लोय, आमच्याकडची कुट्टूच्या पिठाची धिरडी, जास्तीची वाढली. त्याने वाचनालयात जाऊन कंप्युटरवर अहवाल भरला आणि पाठवला. चार.

पंधरा दिवसांनी एका रविवारी नवी दातांची डॉक्टर हॉटेलात आली. मेरेडिथ स्लोन, चाळिशीची, कनेटिकटहून नुकतीच आमच्या दवाखान्यात आलेली. बोलता बोलता निघालं की तीही थॉर्नबरीची. वेन्डेलला कोण आनंद. खुर्ची ओढून तिच्याजवळ बसला. तिकडे तीही मुलांच्या मुलाखती घ्यायची, दर हिवाळ्यात दहा-बारा.

"यंदा मी एकीला चार दिलेत," वेन्डेल जरा मिरवतच म्हणाला.

मेरेडिथचा चेहरा पडला. "अरेरे. काय केलं तिने?"

"काय केलं म्हणजे?"

"नाही, म्हणजे चार मी आजवर एकदाच दिलेत. तो मुलगा सबंध वेळ फोनमध्ये डोकं घालून बसला होता. बाकी सगळ्यांना पाच. सगळेच पाच देतात हो. चार म्हणजे सभ्य भाषेत, नका घेऊ याला."

मी कॉफीचं भांडं घेऊन तिथेच उभी होते. वेन्डेलने विचारलं, "आणि तीन?"

"तीन?" ती हसली. "तीन देताना मी कुणाला पाहिलंच नाही. तीन म्हणजे त्या मुलाने तुमची गाडी पळवली असेल."

बिचारीला काय ठाऊक. वेन्डेलने कोट घेतला, एक हात बाहीत घातला, दुसरा तसाच लोंबता ठेवून बाहेर गेला.

त्या दिवशी माझ्या डोक्यात काही शिरलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी अंडी फोडताना शिरलं. वेन्डेल नेहमीच्या वेळी आला, स्टुलावर बसला. मी हात पुसले आणि विचारलं, "माझ्या बर्टीला किती दिले होतेस?"

तो खोटं बोलत नाही, हीच तर पंचाईत. "तीन," म्हणाला.

"सगळ्यांना तीनच?"

"बहुतेकांना. काहींना दोन. रीटा, त्या कागदावर छापलंय. तीन म्हणजे चांगला. चार म्हणजे फार चांगला. पाच म्हणजे असामान्य. बर्टी चांगला होता. चांगला तीन होता तो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मेल्या, माझं पोर म्हणजे तुला बटाटा वाटला?" मी म्हटलं. "तुझ्या त्या पाचात बसणारा माणूस कधी जन्माला तरी आलाय का? तू स्वतः किती भरशील, सांग."

"दोन," तो म्हणाला. "आजपासून एक."

त्याच्यासमोरचा कप मी उचलून घेतला आणि सांगितलं की आजपासून तुला इथे कॉफी नाही. सगळं हॉटेल माना खाली घालून खात होतं. तो उठला नाही. म्हणाला, "कॉफी राहू दे. फोन करू दे. तिचं अजून ठरलेलं नाही."

ओडेटचं. खरं सांगते, रागाच्या भरात मी त्या पोरीला विसरलेच होते. तिच्या नावावर ते चार जाऊन बसले होते, आणि ती घरी मार्चची वाट बघत होती.

काउंटरमागच्या भिंतीवरच्या फोनवरून त्याने कॉलेजला फोन लावला. पलीकडे कुणी तरुण मुलगी होती. एकदा पाठवलेला अहवाल बदलता येत नाही, म्हणाली. हवं तर पत्र लिहा, दहा दिवसांत पोचलं तर आम्ही तिच्या कागदांत घालू. आणि मग त्याची समजूत घालायला आणखी काहीतरी म्हणाली असावी, कारण वेन्डेल बराच वेळ ऐकत राहिला.

फोन ठेवून तो मला म्हणाला, "ती म्हणते, या भेटींना तसं काही वजन नसतं. मनाला लावून घेऊ नका."

"झालं तर मग. सुटलास."

"वजन नाही तर मुलांना टाय कशाला लावायला सांगतात?" तो म्हणाला.

पत्रात काय लिहायचं, हा मोठा घोर होता. मी म्हटलं, लिही की चूक झाली, पाच समजा. तो म्हणाला, "एका म्हाताऱ्याने आता येऊन म्हणायचं की माझे चार म्हणजे तुमचे पाच. कोण ऐकेल? माप चुकलं हे दाखवायचं तर पीक दाखवावं लागतं." आणि तो निघाला. एकेचाळिसांतली तेवीस मुलं अजून आमच्याच भागात राहतात. मुलं कसली, कुणी चाळिशीच्या पुढचे. फेब्रुवारीचे रस्ते, चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, आणि ते जुनं खटारं. दारात उभा राहून टोपी काढायचा आणि सांगायचा, "मी तुला तीन दिले होते. आज कळलं त्याचा अर्थ काय होतो. तू पुढे काय काय केलंस ते मला सांगशील?"

कुणी घरात घेऊन जेवायला घातलं. एकाने तोंडावर दार लावलं. शाळेची मुख्याध्यापिका झालेली फर्न तर हसतच सुटली, म्हणाली, सर, तुम्ही मला त्या दिवशी दोन तुकडे पाय खाऊ घातला होता, माझ्या लक्षात तेवढंच आहे. खोटं बोलली असेल बिचारी.

बर्टीकडे तो शेवटी गेला. मी तिथेच होते, नातींना सांभाळायला. बर्टी कामावरून नुकताच आला होता, खांबावर चढायचा पट्टासुद्धा काढला नव्हता. वेन्डेलने त्याचं ते सांगून टाकलं. मला वाटलं, आता हा उठून जाणार.

बर्टी बसून राहिला. "दोन कशासाठी कापले?" त्याने विचारलं.

"एक तर सगळ्यांचाच कापायचो," वेन्डेल म्हणाला. "दुसरा... तू म्हणालास, शिकून इथेच परत येणार. अठरा वर्षांच्या मुलाने इतक्या पटकन असं म्हणू नये, असं मला वाटलं. मला बरं वाटावं म्हणून म्हणतोयस, असं वाटलं."

"तुम्हाला बरं वाटावं म्हणून नव्हतो म्हणालो," बर्टी म्हणाला.

"आज कळतंय मला ते."

बर्टीने पट्टा काढला, खुंटीला अडकवला. मग म्हणाला, "लिहा. वादळातले चौदा दिवस, नऊशे घरं, एकही माणूस न गमावता. आमच्या टोळीचा मुकादम मी होतो." आणि आत निघून गेला. वेन्डेलने ते अक्षर न् अक्षर लिहून घेतलं.

पत्र त्याने माझ्या हॉटेलात बसून लिहिलं. कॉफी मी दिली नाही, पण बसू दिलं. तीन दिवस बसला. पहिल्या पानावर त्याने आपलं माप लिहिलं: शंभर रोपांतलं एक रोगट दिसलं तरी लिहायची सवय, त्यामुळे पाच कधी कुणाला दिलेच नाहीत. मग तेवीस नावं, प्रत्येकाचं काय झालं ते. हॉस्पिटलची प्रयोगशाळा चालवणारा एक, पुलाच्या कामावर देखरेख करणारी एक. एकजण दारूत बुडाला होता, तेही लिहिलं.

"हे कशाला घालतोस, शहाण्या?" मी म्हटलं.

"पाहिलं ते लिहिणार."

शेवटच्या पानावर ओडेट. तिने सांगितलेलं जसंच्या तसं. खिशात घातलेले हात, गिल्मन, चार दिवस. स्वतःचा एकही शब्द नाही. मी वाचलं आणि मला राहवेना. "आता तरी पाच लिही की रे बाबा. तिच्या जन्माचा प्रश्न आहे. एक आकडा तर लिहायचाय."

"चारच आहेत ते," तो म्हणाला. "माझ्या हातून याहून जास्त कधी कुणाला गेले नाहीत, हे मी लिहिलंय. पाच लिहिले तर वरचं सगळंच खोटं ठरेल."

मी त्याला काय काय बोलले, ते इथे सांगत नाही. पोस्टाची वेळ होत आली होती. त्याने पाकीट चिकटवलं. खाली एक ओळ होती, की यापुढे या कामावरून माझं नाव काढावं, दातांच्या डॉक्टर मेरेडिथ स्लोन हे काम माझ्यापेक्षा नीट करतील. रस्ता ओलांडून तो पोस्टात गेला. त्या पाकिटात ते चारच गेले.

मग नुसतं थांबणं. मार्च आमच्याकडे तसाही संपता संपत नाही. ओडेट कधीमधी यायची, काउंटरशी बसून अभ्यास करायची. तिला त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. वेन्डेलने मला बजावलं होतं की पोरीला आधी काही सांगायचं नाही, उगाच तिच्या जिवाला घोर. तिचा बाप मला म्हणाला, कारखानावाले विचारतायत, हो म्हणून टाकू का? मी म्हटलं, चार दिवस थांब. रोज त्याला चार दिवसच सांगत होते.

महिनाअखेरीच्या शुक्रवारी दुपारी ती आली. धावत नाही, चालतच. वेन्डेल स्टुलावर पाणी पीत बसला होता. तिने त्याच्यापुढे एक कागद ठेवला, शाळेच्या वाचनालयात छापून घेतलेला. "सर, झालं," ती म्हणाली आणि मग तिला रडूच आलं. मी काउंटरच्या पलीकडून येऊन तिला जवळ घेतलं. पोरीला घेतलं होतं त्यांनी. सगळा खर्च कॉलेजचा.

"खाली वाचा ना," ती नाक पुसत म्हणाली. "तुमच्याबद्दल आहे."

कॉलेजातल्या कुणीतरी तिच्या पत्राखाली दोन ओळी जास्तीच्या घातल्या होत्या. श्री. पेल्की यांचं पत्र आमच्या समितीत सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं गेलं. तुझ्याबद्दलचा निर्णय त्या पत्रामुळे फिरला, हे तुला माहीत असावं असं मला वाटतं.

वेन्डेलने त्या ओळी वाचल्या. उठून उभा राहिला, तिच्याशी हात मिळवला, म्हणाला, "छान झालं. माती शीक. नीट शीक." तिला बापाला सांगायची घाई होती, ती गेली. हॉटेलातल्या चार माणसांनी टाळ्या वाजवल्या. मी इतकी खूश होते की त्याच्यापुढे कप ठेवून कॉफी ओतायला लागले, माझं भांडण विसरूनच.

तेव्हा पाहिलं, त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"काय रे? झालं ना मनासारखं?"

"वजन असतं, रीटा," तो म्हणाला. "फोनवरची ती मुलगी म्हणाली होती, नसतं. महिनाभर मी त्याच एका गोष्टीला धरून होतो."

मला कळायला जरासा वेळ लागला. कळलं तेव्हा भांडं खाली ठेवलं. त्याच्या लिहिण्याने ओडेट आत गेली असेल, तर त्याच्याच लिहिण्याने बाकीचे बाहेर राहिले होते. एकेचाळीसच्या एकेचाळीस. आजवर त्याला थोडी तरी शंका होती, ती त्या पोरीने आनंदाने तो कागद आणून काउंटरवर संपवली होती.

जाऊ दे, असं म्हणायला माझं तोंड उघडलं होतं. पण तसं म्हटलं नाही. जाऊ देण्यासारखं ते नव्हतंच, आणि ज्याने जन्मभर कुणाला खोटं सांगितलं नाही त्याला मी खोटं कशी सांगू? मी ॲप्रन काढला आणि त्याला हाताला धरून खिडकीजवळच्या टेबलाशी नेलं. आज त्याला खिडकीकडे तोंड करून बसवलं आणि मी समोर बसले.

"बर्टी काय काय म्हणाला त्या दिवशी?" मी विचारलं. "मी आत होते. सतरा वर्षं झाली, मला कुणी सांगितलं नाही. सगळं सांग. काही गाळू नकोस."

त्याला सगळं आठवत होतं. शब्द न् शब्द. माझ्या अठरा वर्षांच्या पोराने कुठला पाय मागवला, आधी कशावरून हसला, वीज तारेतून कशी वाहते हे मिरपुडीच्या डब्या मांडून कसं दाखवलं. बाप गेल्यावर शाळेत कुणाशी बोलवत नव्हतं, हेही त्याने वेन्डेलला सांगितलं होतं. मला कधी सांगितलं नाही.

"मग मी विचारलं, शिकून परत इथे कशाला यायचं," वेन्डेल म्हणाला. "तर म्हणाला, आईला आता पिठाची पोती उचलवत नाहीत, आणि ती कुणाला सांगत नाही. मला वाटलं, समोर तिचीच कॉफी आहे म्हणून बोलतोय. मी गुण कापला."

मी रडले. चारचौघांत, भर दुपारी, हॉटेलाची मालकीण. त्याने आपला रुमाल पुढे केला, तो मी घेतला. मग नाक पुसलं आणि म्हटलं, "पुढे सांग."